वांग्याचं गाणं

संत्र्याच्या शेडात रातपाळी.
बावीस बाया, दोन पट्टे,
एक ट्यूबलाइट, तीबी फडफडनारी.
मोठा इकडं, मधला तिकडं, चुरी खाली.
हात चालते, डोकं झोपते.
मृगाचा माल, पाहाटे गाडी भरून जानार,
आन सुपरवायझर बाळू कडू
दर घटकाभरानं तेच म्हने :
आटपा माय, आटपा.

प्रज्योत उईके, मेनाच्या टाकीवरचा पोट्टा,
त्यानं एक रिकामं क्रेट पालथं घातलं
आन वर ठेवला तेलाच्या डब्याएवढा स्पीकर.
कुठून आनला देव जाने.
पयले वाटलं मशीनच बिघडलं.
गिटार अशी करवतली
जशी आरागिरनीत बाभूळ.
मंग खालून ठोका आला,
लग्नातल्या डीजेवानी धप् धप्,
पन त्याच्यासारखा झिंगलेला नाई,
सरळ नाकासमोर चालनारा,
शेवटची एस.टी. सुटून रायल्यावानी.

कुसुमबाई म्हने, बंद कर रे, कान किटले.
तिचेच पाय पयले हालले.

म्हननारा कोन, कुठचा, काई पत्ता नाई.
ओरडे, मधातच थांबे,
थांबला का आपला जीव टांगनीले,
आन मंग सगळे वाजे एकदम अंगावर येत :
वांगे आन गो, वांगे आन!
आमाले तसंच आयकू ये.
प्रज्योत म्हने, काकू, वांगे नाई थे.
मंग काय हाय, सांग.
थे त्यालेबी सांगता आलं नाई.

तिसऱ्यांदा लावलं तवा
पट्टाबी त्याच तालावर येऊन गेला,
का आमीच आलो पट्ट्यावर,
माहीत नाई. संत्रं उचललं, टाकलं,
उचललं, टाकलं, वांगे आन.
एकबी चुरी मोठ्यात गेली नाई त्या तासात.

आन लाइन गेली.

पट्टा थांबला, संत्री गडगडत जागेवर बसली.
स्पीकर चालूच. त्याची बॅटरी भरलेली.
अंधारात वास वाढते, तसं गानंबी वाढलं.
कोन नाचलं थे मी सांगनार नाई.
अंधार होता.
टिनाखाली चपला वाजत होत्या,
बांगड्या वाजत होत्या,
कोनाचा तरी कोपर माह्या बरगडीले लागला
आन कोनीतरी हासून हासून खोकलली.
बाळू कडूनं मोबाइलचा उजेड पाडला,
आमच्याकडं पायलं,
आन बंद केला.

मंदाआत्या तेवढी बसलेली.
जिनिंगात वीस वर्स काढून तिचे कान गेले,
तिच्याशी आमी हातवारे करून बोलतो.
लाइन आली तवा दिसली,
स्पीकरच्या क्रेटवर दोन्ही तळवे टेकवून,
डोये मिटून,
जसं कोनी तव्यावरची भाकर पलटवायच्या आंधी
वाफ पाहाते.
माहा हात ओढला तिनं, खाली दाबला.
इथं, म्हने. इथं.

आता शेळीचं दूध काढतो त्या तालावर.
धार बसते बरोबर, पन शेळीले पटत नाई.
पोरगा इचारते, काय पुटपुटून रायली वं आई?
काई नाई म्हनतो.
सांगाले शब्दच कुठं हायेत,
टॅ टॅ टॅ टा, आन मंग वांगे.

काल शुक्रवारच्या बाजारात
कुसुमबाई वांगेवाल्यापाशी उभी होती.
अर्धा पाव पाह्यजे, का पाव,
काईच सांगेना, नुसती पिशवी धरून उभी,
आन एक टाच उचलत होती, टेकवत होती.
मी मागून गेलो. आवाज दिला नाई.
माहीबी टाच उठली.
वांगेवाला म्हने, बाई,
तुमी दोघी काय बस धरून रायल्या का?