धन टोक जमिनीला

बटण दाबलं की नुसतं 'टक'.
पुन्हा दाबलं, 'टक'.
बंद दारामागून म्हातारा काठी आपटून
"आलो" म्हणतो आणि येत नाही, तसं.

एकावन्न सालचं फोर्ड. सहा व्होल्टची बॅटरी
आणि धन टोक जमिनीला, म्हणजे ट्रॅक्टरच्याच अंगाला.
आताच्या गाड्यांच्या बरोब्बर उलट.
आर्बोर्गच्या दुकानातला पोरगा विचारतो,
"तारा उलट्या तर नाही ना लागल्या?"
उलट्याच आहेत बाबा. आमच्याकडे तेच सुलट.

एप्रिल संपत आला. विनिपेग सरोवरावर
रात्री बर्फ करकरतोय अजून,
गाई विताहेत, थिजलेलं शेणखत सुटलंय,
आणि मी तीन दिवस शोधतोय माशी कुठे शिंकली.
बॅटरी सहा पॉइंट तीन, ठणठणीत.
सोलेनॉइड नवा घातला. टक.
केबल आणली अंगठ्याएवढी जाड
(सहा व्होल्टला बारीक वायर म्हणजे
अख्ख्या कळपाला एकच बादली).
स्टार्टर काढून टेबलावर जोडला,
गरगर फिरला बेटा.
परत बसवला. टक.

म्हणजे पाणी मुरतंय ते मधेच कुठंतरी.
ते शोधायला माणसं लागतात दोन.
एकानं बटण दाबून धरायचं,
दुसऱ्यानं गुडघे टेकून
मीटरच्या काड्या लावायच्या, आकडा वाचायचा.

स्काफ्ती दीड मैलावर राहतो.
बापाची मासेमारीची बोट मी त्याला न विचारता विकली,
तेव्हापासून अकरा वर्षं
पोस्टात भेटलो की एकमेकांच्या टोपीकडे बघतो.
फोन त्याच्या बायकोनं उचलला.
"त्याच्याकडचा मीटर चांगला आहे," म्हणालो,
आणि ठेवला.

तो आला. चिखलावर गोणपाट टाकून बसला.
"दाब."
दाबलं.
"बॅटरीवर पाच पॉइंट आठ. सोड."
"दाब."
"ऋण बाजू, पॉइंट एक. बरी आहे. सोड."
अकरा वर्षांतलं आमचं पहिलं संभाषण,
सगळं दशांशात.
"दाब."
मग बराच वेळ काही नाही.
"पुन्हा दाब.
धन टोकापासून स्टार्टरच्या अंगापर्यंत दोन पॉइंट नऊ.
अर्धी बॅटरी वाटेतच मरतेय, इंगी."

इंगी.
मी बटणावरचा अंगठा काढायला विसरलो.
"सोड म्हटलं ना!"

त्यानं नखानं खरवडलं. लाल.
त्याच्याखाली अजून लाल.
जानेवारीत शेडमध्ये शेगडी पेटवून रंगवला होता मी,
दोन हात, ब्रशनं,
स्टार्टर उतरवून त्याची बैठकसुद्धा,
पट्टीच्या बोल्टाखालची जागासुद्धा,
जिथं लोखंडाला उघडं लोखंड लागायला हवं
नेमकं तिथंसुद्धा.
बापाला रंग उडालेलं चालायचं नाही.

"छान रंगवलायस," स्काफ्ती म्हणाला.
टोमणा होता का, अजून ठरलेलं नाही.

मग दोघांनी पॉलिश पेपरनं घासलं,
रुपयाएवढी जागा चांदीसारखी होईस्तोवर,
वर बोटभर व्हॅसलीन, बोल्ट आवळला.
दाबलं.
टक नाही. सगळं धूड एकदम थरारलं,
आधी पांढरा धूर, मग बापाच्या शिवीसारखा
एक खणखणीत ठोका, आणि मग चालूच.

तो कॉफी उभ्यानंच प्यायला,
साखरेचा खडा दातांत धरून.
चिमटे लावून हे काम एकट्यालाही जमतं.
चिमटे माझ्याकडे आहेत, ड्रॉवरमध्ये, फ्यूजच्या डब्याखाली.
त्यानं विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

पिकअपमध्ये बसता बसता त्यानं काच खाली केली.
"बोटीचे किती आले होते?"
सांगितले.
"कमी घेतलेस," म्हणाला,
आणि गेला.

संध्याकाळपर्यंत मी इंजिन बंद केलं नाही.