दुपारी दोनपर्यंत

एकोणीस वर्षं मी त्याचे फोन जोडून दिले,
सस्कॅटूनच्या रिंकच्या पोटातल्या बिनखिडकीच्या खोलीत.
भिंतीपलीकडून बर्फ सपाट करणारं यंत्र
दमेकऱ्यासारखं धापा टाकत जायचं.

ऑर्विल हनात्युक, जनरल मॅनेजर.
दारावरची पाटी जरा तिरकी.
मी सरळ करायला गेले तर म्हणाला,
राहू दे, मर्ना. स्क्रू सैल असलेला बरा,
काढणाऱ्याला त्रास नको.

खेळाडू म्हणून तो अकरा सामने टिकला.
अकराव्यात पक डोळ्यावर आला.
त्या डोळ्याला नंतर उजेड कळायचा, माणूस नाही.
उरलेल्या एका डोळ्याने त्याने
पंधरा हिवाळे पोरं पारखली :
एस्टेव्हन, डॉफिन, फ्लिन फ्लॉन,
रात्रभर गाडी, थर्मासमधलं बीटाचं सूप,
आणि लाकडी बाकांवर ओरडून घसा बसलेले बाप.
पक ज्याच्यापाशी आहे त्याच्याकडे तो बघायचाच नाही.
ज्याच्यापाशी नाही, तो तेव्हा काय करतो,
तेवढंच वहीत लिहायचा.

मग ही खोली, आणि हा लोखंडी फळा.
प्रत्येक माणसाची चुंबकाची एक पट्टी :
नाव, वय, पगार, करार कधी संपतो.
डावीकडे आपले, उजवीकडे खालच्या संघातले,
कोपऱ्यात गुडघे आणि खांदे.
साफसफाईला येणारी बाई एकदा फडकं मारून गेली
आणि अर्धा संघ जमिनीवर सांडला.
तो खाली बसून एकेक नाव उचलत होता,
फुंकर मारून.

मार्चमधला तो दिवस. दोनला बाजार बंद.
एक वाजून बावन्न मिनिटांनी फ्लोरिडाची लाइन मी जोडली.
काचेतून त्याचे ओठ दिसत होते.
मग त्याने वेइक्को लाम्पिनेनची पट्टी काढली
आणि कुठेच लावली नाही, खिशात टाकली.

वेइक्को, सहाव्या फेरीत कुणालाच नको असलेला,
कुओपिओहून एक बॅग आणि तीन इंग्रजी वाक्यं घेऊन आलेला.
दोन नाताळ ऑर्विलच्या घरी जेवला, पेरोगी चौदा-चौदा.
त्या दुपारी त्याची बायको बाळंतपणाच्या खोलीत होती.

असले फोन ऑर्विल मला कधी जोडू द्यायचा नाही,
नंबर स्वतः फिरवायचा.
त्या दिवशी मात्र रिसीव्हर उचलला आणि ठेवला.
चारपर्यंत थोपवून धर, म्हणाला,
पोरगं तरी होऊ दे.

मी रेडिओवाल्यांना सांगितलं, साहेब जागेवर नाहीत.
साहेब चार फुटांवर होते, तोंडावर हात ठेवून.

बातमी काही थांबली नाही.
इस्पितळातल्या टीव्हीचा आवाज बंद होता.
कॉफी घ्यायला बाहेर आलेल्या वेइक्कोने
स्वतःचा फोटो पाहिला,
आणि फोटोखाली दुसऱ्याच संघाचं चिन्ह.
मुलगी झाली होती. पावणेतीन किलो.

फ्लोरिडाहून आलेल्या बचावपटूने त्या वसंतात
एक गोल केला. आपल्याच जाळीत.
तरी सांगते, सौदा चुकीचा नव्हता.
मी आकडे टाइप केले होते. मला ठाऊक आहे.

पुढे दोन वर्षांनी मालकाचा जावई आला,
चार मिनिटं बसला, खुर्चीच्या टोकावर.
तो गेल्यावर ऑर्विलने पाटी अंगठ्यानेच काढली.
स्क्रू माझ्या हातावर ठेवले. का, ते विचारलं नाही.

परवा त्याच्या घरी गेले होते.
फ्रिजवर विजेचं बिल, आणि ते धरून ठेवणारी
ती पट्टी. पुसट. वय तेवीसच.
पत्र-बित्र येतं का, विचारलं.
नाही, म्हणाला. आणि बरणीचं झाकण
उगाच दोनदा घट्ट केलं.

नवा मॅनेजर आपले फोन आपणच करतो.
चांगला मुलगा आहे. फळा आता स्क्रीनवर आहे,
नावं सांडत नाहीत.
माझा हात मात्र मार्चमध्ये, दोनच्या सुमारास,
अजून टेबलावर काहीतरी शोधतो.