एक तरी शून्य

मंगळवारी संध्याकाळी सातला, मासळीच्या कारखान्यातून सुटून
आम्ही नऊ जण शाळेतल्या लहान बाकांवर बसतो.
गुडघे मावत नाहीत.
हाताला कॉडचा वास, साबणाने जात नाही,
खडूने थोडा झाकतो.
जानेवारीत इसाफ्योर्दुरला सूर्य डोंगरामागेच असतो,
म्हणून खिडकीबाहेर बघत वेळ काढायचीही सोय नाही.

साइउन शिकवते. माझ्या मुलीहून लहान.
तिने फळ्यावर मासे वाळवायची शेड काढली:
रुंदी क्ष,
लांबी त्याहून पाच मीटर जास्त,
क्षेत्रफळ चोवीस.

मी लगेच लिहिलं, क्ष बरोबर चोवीस.
ती हसली नाही. म्हणाली,
चोवीसवर विसंबू नकोस, ह्योर्दिस.
तीन आठे चोवीस, चार सक चोवीस, बारा दुणे चोवीस,
चोवीस कुणाच्याही घरी जेवतो.
सगळं एका बाजूला आण, पलीकडे शून्य राहू दे.
शून्याचं तसं नसतं.
दोघांच्या गुणाकारातून शून्य आलं
तर दोघांतलं एक तरी शून्य असणारच.

मग दोन कंस शेजारी शेजारी उभे राहिले,
क्ष वजा तीन,
क्ष अधिक आठ,
मध्ये कसलीच खूण नाही. तरी तो गुणाकार.

आमची घरं अशीच आहेत, माझं आणि एइलिफुरचं,
भिंतीला भिंत.
वडिलांच्या होडीवरून बिनसलं, त्याला अकरा वर्षं झाली.
मध्ये एक शब्द नाही.

पहिला कंस मी झटकन सोडवला. तीन.
पेन खाली ठेवलं.
आणि दुसरा? साइउनने विचारलं.
उत्तर आलं की.
एक आलं, ती म्हणाली, आणि पुढच्या बाकाकडे गेली.

अकरा वर्षं मी एकच कंस सोडवत होते.
भावाला शून्य धरलं की हिशेब जुळायचा,
मग दुसऱ्याकडे कोण बघतो?

दुसऱ्यातून उणे आठ निघाले.
शेडची रुंदी उणे नसते, साइउन म्हणाली,
हे उत्तर सोडून द्यायचं.
पण आधी काढायचं. न काढता सोडलं तर ती चूक.

सगळे कोट चढवत होते, तरी मी हट्टाने मांडून पाहिलं.
रुंदी उणे आठ. त्यात पाच मिळवले,
लांबी उणे तीन.
गुणाकार चोवीसच.
तीच शेड,
भिंतीच्या पलीकडून मोजलेली.
कुणाला दाखवलं नाही.

घरी आले तर दारावरच्या थर्मामीटरमध्ये
फळ्यावरून पुसलेलं उत्तर उभं होतं,
उणे आठ, अगदी खरं,
कान जाळणारं.
फावडं घेतलं.
माझ्या पायऱ्या तीन, त्यांवरचा बर्फ काढला.
त्याच्या किती होत्या
मोजल्या नाहीत.