रोडेलिओची नदी

रोडेलिओ सेबूला कायमचा परत गेला तेव्हा
चौदा नंबरच्या खोलीत त्याच्या तीन वस्तू राहिल्या:
भाताचा कुकर, तुटक्या पट्ट्याची चप्पल
आणि बिजागरीला चिकटपट्टी लावलेला लॅपटॉप.
कुकर श्रेष्ठानं घेतला. चप्पल अजून दारातच आहे.
लॅपटॉप माझ्या वाट्याला आला,
त्यातल्या नदीसकट.

नदी जपानी आहे.
काठावर नुसते गोटे, आणि मेलेली लहान पोरं
गोट्यावर गोटा ठेवत बसलेली,
आईबापांच्या नावानं.
पहाटे तीनला लोखंडी सोटा घेऊन एक राक्षस येतो,
सगळं पाडतो.
पोरं पुन्हा पहिला गोटा शोधायला लागतात.

या खेळात जिंकणं नाही. मी सगळीकडे शोधलं.
डोंगरात जा, कोल्हिणीशी लग्न करा,
मीठ विका, भिक्खू व्हा,
नाहीतर कुठल्याही दगडावर बसून राहा,
कोणी विचारत नाही.

पलीकडच्या तीरावर वही उघडून बसलेला
लाल तोंडाचा एन्मा. बघताक्षणी ओळखला.
अरे यमा, रेडा कुठं बांधलास?
तळ्यातल्या बेटावर एक बाई वाद्य छेडत असते,
सरस्वतीच ती, वीणा जरा आखूड.

माझ्या आजोबांनी सत्तावन साली
देव्हारा टोपलीत रिकामा केला
आणि टोपली सावित्री नदीत सोडली.
महाडात आम्ही समजत होतो, बुडाले.
ते पोहत पोहत जपानला पोचले,
तिथं बुद्धाच्या हाताखाली नोकरीला लागले
आणि इतक्या वर्षांनी मला ओमानात भेटताहेत,
सोहारच्या कॅम्पमध्ये,
जिथं मीही नोकरीलाच आहे.

माझं काम समुद्राचं मीठ काढायचं.
दर तासाला वही भरतो: दाब, क्षार, तापमान.
थोडं पाणी गोड होऊन शहरात जातं,
उरलेलं दुप्पट खारट होऊन
ज्याचं त्याला परत.
ऑगस्टात चष्म्यावर इतकी वाफ धरते
की आकडे बोटानं पुसून वाचावे लागतात.

रोडेलिओचा माणूस अजून खेळात उभा आहे,
गवताची टोपी, दिवस अकराशे बारावा.
तीन वर्षांत तो डोंगरात गेला नाही,
कोल्हिणींच्या गावाचं दार त्यानं उघडलंच नाही.
काठावर दगडाचा एक बोडका बालभिक्खू आहे, जिझो.
खाली बारीक अक्षरात त्याचं मूळ नाव: क्षितिगर्भ.
आमच्या विहारात हे नाव मी कधी ऐकलं नव्हतं.
राक्षस आला की पोरं याच्या बाहीत शिरतात.
त्याला गळ्यात बांधायला लाल लाळेरं लागतं,
पाऊस आला की ते विरतं.
मी खरेदीची यादी उघडली:
लाल कापड. लाल कापड. लाल कापड.
एकशे सहा वेळा.

सेबूला त्याच्या दोन मुली आहेत,
दोघींचे फोटो मला पाठ आहेत.
तिसऱ्याबद्दल तो कधी बोलला नाही
आणि तिसरं होतं का,
हे मी विचारलं नाही.

'नवा प्रवास सुरू करा' असं बटण आहे.
दाबलं तर जुनं पुसलं जाईल, अशी ताकीदही आहे.
मी रोज त्याची टोपी घालूनच उतरतो,
चार गोटे रचतो,
तीनला पडलेले बघतो,
पाचच्या बसला तयार होतो.

काल गेटवर उभ्या उभ्या त्याला लिहिलं,
नदी ठीक आहे.
लगेच उलट आलं: तो अजून येतो?
येतो.
मग थोड्या वेळानं:
कापड संपलं असेल.
नाणी तांदळाच्या कोठीमागे पुरलीत,
डावीकडून तिसरी फरशी.

बसनं हॉर्न दिला.
फरशी उचलायची राहिली आहे.