मुकुटाचा ब्लॉक

जून त्रेपन्न. ठाकुरद्वारचा छापखाना,
रात्रीचे साडेदहा. पंखा एकच,
तोही फोरमन टिपणिसांच्या डोक्यावर.

बातमी आली: लंडनमध्ये राणीला मुकुट चढवला,
बग्गी सोन्याची, वर पाऊस.
"दोन कॉलम. आतल्या पानात.
पहिलं पान शिखर चढलेल्यांना."

'राज्याभिषेक' जुळवायला घेतला
तर केसमध्ये अर्धा ज नाही,
सगळे आंध्र राज्याच्या मजकुरात अडकलेले.
एका निधनवार्तेतल्या 'पूज्य'मधून उचलला;
झावबावाडीतले ते गृहस्थ
सकाळी नुसतेच कैलासवासी निघाले.

मग टिपणिसांना आठवला मुकुटाचा ब्लॉक.
सदतीस साली, हिच्या बापाच्या वेळी,
सोनेरी शाईत छापलेला, पहिल्या पानावर.
मालकांनी पेढे वाटले होते तेव्हा.
किंवा वाटावे लागले होते.

शोधला. खिळ्यांच्या पेट्यांमागे, रद्दीत, मोरीत.
सापडला तो केळशीकर प्रूफरीडरांच्या टेबलाखाली,
आखूड पायाला टेकू.

ओढून काढला. जस्तावर शाई वाळून खपली झालेली,
क्रूस झिजलेला,
एका हिऱ्याच्या खोबणीत झुरळाचं अंडं.
वर टेबल कलंडलं,
चहा थेट शिखराच्या प्रूफावर.

केळशीकर चष्म्यावरून बघत म्हणाले,
"ठेव रे होता तिथे.
राणीचं होईल त्याच्याशिवाय.
मला अजून चार पानं वाचायचीत."

ठेवला.
उताणा की पालथा,
आता आठवत नाही.