खाडीला काय वाहावं

अमावास्येला आम्ही चौघं जमतो
ऐरोलीला, दिवा गावाच्या जेट्टीवर, सांजच्या ओहोटीला.
गावाचं नाव दिवा. जेट्टीवरचा दिवा
मार्चपासून बंद.

ग्लेन परेरा ओकच्या झाडातला देव मानतो.
तो त्याला एका जाड पुस्तकात भेटला,
धुक्याच्या देशातल्या.
इथं ओक कुठला?
म्हणून तिवराला टेकून उभा राहतो,
पोटऱ्यांपर्यंत चिखलात,
आणि म्हणतो, देवालाही बदली चुकत नाही.

शलाकाची देवी तिठ्यावरची.
तीन तोंडं, पायाशी कुत्री.
तिची आई म्हणाली, अगं, मग दत्तच की!
नाही, शलाका म्हणाली, ही बाई आहे
आणि हिला लसूण चालतो.
मागच्या अवसेला सेक्टर आठच्या तिठ्यावर
तिनं लसणाचा गड्डा ठेवला, एक उकडलेलं अंडं.
सकाळी सोसायटीभर : उतारा! करणी! कुणी केलं?
वॉचमननं काठीनं ते गटारात लोटलं
आणि घाईघाईनं मिठाच्या पाण्यानं पाय धुतले.
शलाकाला वाईट वाटलं नाही.
म्हणाली, आख्ख्या इमारतीत
तिला मानणारा तो एकटाच निघाला.

दिगंबर मढवीला देव शोधावा लागला नाही.
बांधावरचा चेडा, बापजाद्यांचा.
बांध गेला, शेत गेलं,
तिथं आता थंडगार खोल्यांत
जगाचे फोटो साठवणारी यंत्रं बसली आहेत.
दिगंबर वर्षातून एकदा कुंपणाबाहेरून कोंबडं दाखवतो,
कॅमेऱ्याकडे न बघता,
आणि घरी आणून शिजवतो.
आम्हाला हसतो. येतो मात्र न चुकता.

उरले मी.
माझी नोकरीच खाडीचं पाणी बाटलीत भरायची.
विरघळलेला प्राणवायू : लिटरला दोन मिलिग्रॅम.
कधी दीड.
वहीत आकडा लिहिते
आणि पेनाचं बूड कपाळाला टेकवते.
कुणी शिकवलं नाही हे.
पहिल्यांदा केलं तेव्हा आजूबाजूला पाहिलं होतं,
चोरी केल्यासारखं.
तिला संस्कृतात हाक मारली तर ती वळून बघणार नाही,
असं वाटतं. तिच्या काठची आगरी
मला नीट येत नाही.

पहिल्या वर्षी मी नारळ वाहिला.
वाहिला कसला, तो तिवराच्या मुळांत अडकला,
निर्माल्याच्या पिशव्या, तसबिरींच्या फ्रेमा,
गणपतीचा एक हात
यांच्या शेजारी.
पदूबाई भोईर तिथंच निवट्या धरत होती,
कोपरापर्यंत बिळात.
मान वर न करता बोलली :
बाय, तिला आनखी नुको भरवू.
पोट फुगलाय तिचा.

त्या दिवसापासून आमच्यात
वाहणं म्हणजे काढणं.
गोणपाट घेऊन उतरायचं, अंधार पडेतो,
हाताला लागेल ते वर आणायचं.
ग्लेन पुटपुटतो त्याच्या भाषेत,
दिगंबर शिव्या देतो त्याच्या.
दोन्ही तिला पोचत असणार.
आकडा काही वाढलेला नाही.
वाढेल म्हणून करतही नाही आम्ही,
असं मी म्हणते, आणि दुसऱ्या दिवशी
बाटली जरा हळुवार बुडवते.

पण काढलेल्या देवांचं करायचं काय?
कचऱ्यात टाकवत नाही, परत सोडवत नाही.
माझ्या बाल्कनीत आता नऊ जण आहेत,
वॉशिंग मशीनच्या वर.
एक लक्ष्मी, नाणी पुसट झालेली.
कुठल्या तरी पिराची चौकट.
कुणाची तरी कुलदेवी, जिचं कूळ
बहुधा वन बीएचकेत मावलं नाही.
आणि एकाचं तोंडच खाऱ्या पाण्यानं खाल्लेलं.
मारुती, येशू, की आणखी कुणी,
सांगता येत नाही.
त्याला शेंदूर लावावा की मेणबत्ती,
वार कुठला, उपास कुठला,
कुणाला विचारणार?
त्याच्यापुढे वाटीभर पाणी ठेवते.
नळाचं. गोडं.