लहान मापाचा मुखवटा

एकतीस वर्षं मी मुखवटे तपासले.
पट्टा कानामागे बसतो का,
काच धुरकटते का, गालाशी फट राहते का.
केसाएवढी फटही वायूला पुरते,
हे मला कुणा साहेबानं नाही,
यंत्राच्या थरथरत्या काट्यानं शिकवलं.

आज दौलतगंजात, जेवणाच्या टेबलावर
भावोजी चमच्यानं लढाई मांडतायत.
ही वरणाची वाटी म्हणजे त्याची राजधानी,
मिठाची ओळ म्हणजे बंदर,
"आणि इथे, लिंबाच्या फोडीशी, आपली माणसं."
अठरा खलाशी. त्यातला एक मुरारचा,
कुशवाहांचा धाकटा.
त्याची आई हल्ली टीव्ही बंद करत नाही,
आवाज तेवढा बंद करते.

"वैनी, असल्या माणसाला एकच भाषा कळते."
भावोजींना आमच्या ग्वाल्हेरच्या किल्ल्याची गोष्ट फार प्रिय:
शिपाई म्हणे कापूस भरलेले बूट घालून
रात्री कडा चढले,
आणि पहाटे किल्ला दुसऱ्याचा.
लहानपणापासून ऐकतेय ही गोष्ट.
बुटांत काय भरलं होतं ते सगळ्यांना ठाऊक,
पहाऱ्यावर कोण होतं ते कुणीच सांगत नाही.

पण "थांबा" म्हणणारी मी
काही फार शहाणी नाही.
थांबणं सोपं असतं,
गजकचा डबा उघडून, पंख्याखाली.
त्या सेनापतीनं स्वतःच्याच एका गावावर
वाऱ्याची दिशा बघून धूर सोडला,
तेव्हा थांबलोच होतो की आपण.
निषेधाचा कागद गेला होता.
त्या गावची माती आमच्याकडे आली,
बोटाएवढ्या बाटलीत.
मी वजन लिहिलं, चार पूर्णांक दोन ग्रॅम.
दुसरं काही लिहायला रकाना नव्हता.

वरच्या खोलीत मीरेल राहते, त्याच देशातली.
वनस्पतिशास्त्र शिकते,
आमची आमटी तिला गोड लागते.
काल जिन्यात मी सरळच विचारलं,
काय करावं आम्ही?
ती चप्पल शोधत होती.
म्हणाली, "टाका बाँब.
महालावर टाका, छावण्यांवर टाका, सगळीकडे टाका.
फक्त आधी मला आईला फोन करू द्या."
मग दुसरी चप्पल सापडली तिला.
"दोन महिने झाले, उचलत नाहीये."

रात्री महाराजपुऱ्याहून विमानं उठतात,
फळीवरचे पेले एकमेकांना लागतात.
राजवर्धन, भावोजींचाच मुलगा,
त्यातल्या एकात असेल किंवा नसेल.
तो सांगत नाही.
भावोजी त्या वेळी पाणी प्यायला उठतात
आणि पाणी न पिताच परत येतात.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी
एक लहान मापाचा मुखवटा आला होता.
वय चार ते सहा.
आमच्याकडची प्लास्टरची डोकी सगळी मोठ्या माणसांची,
म्हणून मी तो नारळावर चढवला.
शेंडी काढली, डोळ्यांची बाजू पुढे केली.
हसले सगळे. मीही.
हनुवटीशी गळती होती.
नारळाला हनुवटी नसते, हे कारण मी नोंदवलं नाही.

"मग तुमचं मत काय, वैनी?"
अठरा जणांना आणा, मी म्हणते.
तेवढ्यापुरतं जा आणि परत या.
भावोजी हसतात. चांगलं हसतात, टोचत नाही.
"तेवढ्यापुरतं कुणी जात नाही हो."
त्यांना माहीत असणार.
त्यांचा डावा कान
असाच कुठेतरी तेवढ्यापुरता गेला होता.

मी वरणाची वाटी उचलते.
राजधानीच्या जागी एक ओलं वर्तुळ.
भात वाढू का, विचारते, आणि तेवढ्यात
वर मीरेल फोन लावते,
आवाज मोठा ठेवून, नेहमीसारखा.
छतातून रिंग खाली येते.
भावोजी उजवा कान वर करतात.
डाव मी हातातच धरून ठेवते.
सहा.
सात.